मोडलेला हात, बदललेली गाडी

हात मोडलेलं माणूस प्रत्येकाच्या घरात नाहीतर शेजारात एखादं तरी असतंच. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तोल सावरायला हात टेकला जातो आणि मनगटाजवळ हाड मोडतं. सहा आठवडे प्लास्टर. मग डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून सांगतात, ‘हाड छान जुळलंय.’ घरी आल्यावर मात्र बरणीचं झाकण फिरत नाही, पोळी लाटताना मनगटातून कळ जाते, ओला टॉवेल पिळता येत नाही. हाड जुळलं, तर मग हात अडला कुठे?

मातीच्या उंचसखल ट्रॅकवर मोटरसायकल पळवणाऱ्या केन रॉक्झन या जर्मन रायडरला या प्रश्नाचं उत्तर शोधताना तीन वर्षं लागली. 14 जानेवारी 2017 रोजी सॅन दिएगोत त्याने अमेरिकी सुपरक्रॉसची फेरी जिंकली. पुढची फेरी जिंकली ती 11 जानेवारी 2020 रोजी, सेंट लुईसमध्ये. मधल्या 1,092 दिवसांत डाव्या हातावर अकरा शस्त्रक्रिया झाल्या, मग उजवा हात मोडला. आणि हे सगळं सुरू झालं तेव्हा तो टीम बदलून नुकताच नव्या गाडीवर आला होता.

टीम बदलणं आणि दुखापतीतून परतणं या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या जातात. रॉक्झनची कारकीर्द जवळून पाहिली तर त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत हे लक्षात येतं. रायडरचं शरीर आणि गाडी एकमेकांना जुळवावी लागतात. टीम बदलली की गाडीची बाजू बदलते, हाड मोडलं की शरीराची. दोन्ही वेळा जुळणी पहिल्यापासून करावी लागते.

टीम म्हणजे नेमकं काय

रॉक्झनचा जन्म 1994 चा, पूर्व जर्मनीतल्या मॅटस्टेट गावातला. पंधराव्या वर्षी, 2009 मध्ये, त्याने सुझुकीवर जागतिक मालिकेतली फेरी जिंकली, तीही मायदेशात. सतराव्या वर्षी केटीएमवर कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. त्यानंतर अमेरिका गाठली आणि 2014 मध्ये केटीएमवरच तिथल्या 450 सीसी मोटोक्रॉसचं विजेतेपद मिळवलं. लगेच पुढच्या वर्षी टीम सोडली. आरसीएच सुझुकीकडे गेला आणि 2016 मध्ये तेच विजेतेपद पुन्हा मिळवलं. पुन्हा टीम सोडली. 2017 ला होंडा.

जिंकत असताना टीम कशाला सोडायची, असं कुणालाही वाटेल. रायडरचे करार एक ते तीन वर्षांचे असतात. करार संपत आला की रायडर फक्त मानधन बघत नाही. ‘फॅक्टरी टीम’ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची टीम. तिथे दुकानात न मिळणारे सुटे भाग असतात, इंजिनवर काम करणारे वेगळे, सस्पेन्शनवाले वेगळे, सराव करायला खासगी ट्रॅक असतो. बाकीच्या टीम कंपनीकडून गाड्या आणि थोडीफार मदत घेतात, उरलेला पैसा प्रायोजकांकडून उभा करतात. अशा टीममध्ये माणसं कमी असतात, पण एखाद्या रायडरचं म्हणणं तिथे अधिक चालतं. कुठे काय मिळेल आणि कुठे आपलं किती ऐकलं जाईल, हे तोलून रायडर निर्णय घेतो. रायडरलाच निवड असते असंही नाही. जानेवारी 2024 मध्ये पुण्यातून सुरू झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमध्ये टीममालकांनी लिलावात बोली लावून रायडर घेतले.

निर्णय चुकला तर किंमत मोठी असते. जेरेमी मॅकग्राने 1993 पासून होंडावर सलग चार सुपरक्रॉस विजेतेपदं मिळवली. 1997 चा हंगाम तोंडावर आला असताना होंडाशी फाटलं आणि तो सुझुकीवर गेला. रायडर तोच, वयही ऐन उमेदीचं, पण मुकुट जेफ एमिगकडे गेला. 1998 ला मॅकग्रा यामाहावर आला आणि पुढची तीन वर्षं पुन्हा जिंकला. रिकी कारमायकलचं उदाहरण उलटं आहे. कावासाकी, होंडा, सुझुकी अशा तीन गाड्या त्याने बदलल्या आणि तिन्हींवर विजेता झाला. कौशल्य दोघांकडेही होतं. फरक पडला तो नव्या गाडीवर हात किती लवकर बसला याचा.

गाडीवर हात बसतो म्हणजे काय होतं

450 सीसीच्या मोटोक्रॉस गाडीचं वजन एकशे दहा किलोच्या आसपास असतं. पुढचे फोर्क आणि मागचा शॉकअप जवळजवळ 300 मिलिमीटर, म्हणजे फूटभर दबू शकतात. रायडर नुसता सीटवर बसला तरी मागची बाजू त्यातले साधारण शंभर-एकशेपाच मिलिमीटर खाली जाते. मेकॅनिक हे अंतर टेपने मोजतात आणि स्प्रिंगचा ताण कमीजास्त करून चार-पाच मिलिमीटरसाठी भांडतात. कारण मागची बाजू जरा जास्त खाली बसली की पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि गाडी वळायला आळस करते. उलट मागची बाजू वर राहिली तर गाडी चटकन वळते, पण वेगात हँडल थरथरू लागतं.

सस्पेन्शनवर छोटे स्क्रू असतात. एक स्क्रू गाडी किती पटकन दबावी हे ठरवतो, दुसरा दबलेली गाडी किती वेगाने परत वर यावी हे. ते टकटक करत फिरतात, म्हणून रायडर आणि मेकॅनिक ‘दोन क्लिक आत’, ‘एक क्लिक बाहेर’ अशा भाषेत बोलतात. यात गाडीच्या सांगाड्याची भर पडते. जपानी कंपन्यांची चौकट ॲल्युमिनियमची, केटीएमची पोलादी. आदळल्यावर दोन्हींचा लवचीकपणा वेगळा जाणवतो. हँडलची उंची, त्याचा बाक, क्लचच्या लिव्हरचा कोन, फूटरेस्टची जागा हे सगळं निराळंच.

हे सगळं रायडरला हाताच्या तळव्यातून आणि पायाच्या चवड्यातून कळतं. फेरीत विचार करायला वेळ नसतो. चाक खड्ड्यात जाण्याआधीच कोपर किती वाकवायचं हे शरीराने ठरवलेलं असतं. ती सवय एका विशिष्ट गाडीची असते. नवी गाडी वेगळा झटका देते, आणि जुना अंदाज अगदी थोडक्यात चुकतो. सपाट रस्त्यावर तो चुकलेला कळणारही नाही. वीस मीटर लांब उडीच्या तोंडाशी मात्र कळतो.

चौकट : मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉस

मोटोक्रॉस डोंगरउतारावर, शेताडीत, मोकळ्या मातीत चालतं. एका दिवसात दोन शर्यती, प्रत्येक तीस मिनिटं अधिक दोन फेऱ्यांची. सुपरक्रॉस त्याचं शहरी भावंड. बेसबॉल-फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून ट्रॅक रचतात. अंतिम शर्यत वीस मिनिटं अधिक एक फेरी, बावीस रायडर, उड्या अधिक उंच आणि एकीला चिकटून दुसरी. त्यासाठी सस्पेन्शनही बरंच कडक करावं लागतं. अमेरिकेत जानेवारी ते मे सुपरक्रॉस आणि उन्हाळ्यात मोटोक्रॉस असा क्रम असतो. बहुतेक मोठे रायडर दोन्ही खेळतात, त्यामुळे दुखापत भरून यायला वर्षात फारसा मोकळा काळ उरत नाही.

हवेत गेल्यावर

होंडावर आलेल्या रॉक्झनने 2017 च्या पहिल्या दोन्ही फेऱ्या जिंकल्या. इतक्या लवकर नव्या गाडीवर हात बसलेला पाहून अनेकांनी विजेतेपद त्याच्या नावावर लिहूनही टाकलं होतं. 21 जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या स्टेडियममध्ये तिसरी फेरी होती. एका उडीत गाडी त्याच्या ताब्यातून गेली, तो गाडीपासून सुटला आणि वर फेकला गेला.

जमीन सुटल्यावर रायडरच्या हाती फार थोडं उरतं. गाडी कुठे पडणार हे चाक उडीचा काठ सोडतं त्या क्षणीच ठरलेलं असतं. हवेत बदलता येतो तो फक्त गाडीचा कल. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की मागच्या चाकाची फिरकी वाढते आणि तिच्या उलट दिशेने उरलेली गाडी वळते, म्हणजे पुढची बाजू वर येते. मागचा ब्रेक दाबला की चाक थांबतं आणि नाक खाली झुकतं. निष्णात रायडर या दोन हालचालींवर बरंच काही सावरतात. गाडीच हातातून गेली की तेही संपतं.

पाच मीटर उंचीवरून सरळ खाली येणाऱ्या माणसाचा जमिनीला टेकतानाचा वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात उडीचा पुढचा वेग मिळवायचा. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, ओल्या फरशीवरही आणि स्टेडियममध्येही. सगळा मार तळव्यातून मनगटात, तिथून पुढच्या हाताच्या हाडांत आणि कोपरात चढत जातो. रॉक्झनचं डावं मनगट निखळलं, कोपर निखळलं आणि मधलं रेडियस हे हाड मोडून कातडीबाहेर आलं.

हातच धोक्यात आणणारी सूज

खरा घोर त्यानंतरचा होता. कोपर ते मनगट या भागातले स्नायू सुटे नसतात. त्यांचे गट चिवट पडद्याच्या आवरणात गुंडाळलेले असतात आणि हे आवरण जवळपास ताणलं जात नाही. मोठ्या माराने आत रक्त साचतं, स्नायू सुजतात, पण पसरायला जागा नसते. भिजवलेली मटकी फडक्यात करकचून बांधून ठेवली की फुगत फुगत ती पुरचुंडी दगडासारखी टणक होते, तसं आतल्या आत होतं. दाब वाढत गेला की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्त पोचत नाही, म्हणून स्नायू आणखी सुजतो, आणि दाब आणखी चढतो. वैद्यकात याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. काही तासांत मोकळीक मिळाली नाही तर स्नायू आणि नसा मरू लागतात. मग प्रश्न हात वाचेल की नाही इथवर येतो. रॉक्झनवर ती वेळ आली होती.

यावर औषध नाही, चाकूच लागतो. कातडी आणि आतलं आवरण लांबलचक चीर देऊन उघडतात आणि जखम काही दिवस तशीच उघडी ठेवतात. सूज उतरली की ती टप्प्याटप्प्याने बंद करतात. कडा जुळल्या नाहीत तर शरीराच्या दुसऱ्या भागावरची कातडी काढून तिथे लावावी लागते. हाड बाहेर आलेलं असेल तर माती, जंतू आत गेलेले असतात, म्हणून जखम पुन्हा पुन्हा भूल देऊन धुवावी लागते. मोडलेल्या हाडाला प्लेट, निखळलेले सांधे जागेवर, फाटलेले अस्थिबंध शिवणं हे वेगळंच. अशा हातावर एका बैठकीत काम संपत नाही. रॉक्झनच्या अकरा शस्त्रक्रियांचा आकडा ऐकून धक्का बसतो, पण काय काय दुरुस्त करायचं होतं हे पाहिलं की तो समजतो. कोलोरॅडोतल्या व्हेल इथे हाताच्या तज्ज्ञ शल्यविशारदांनी हे काम केलं.

याच व्याधीचं सौम्य रूप प्रत्येक मोटोक्रॉस रायडरच्या ओळखीचं आहे. हँडल सतत घट्ट धरल्याने पुढच्या हाताचे स्नायू रक्ताने भरतात, हात टणक होतो, बोटं क्लच-ब्रेकवर नीट मिटत नाहीत. रायडर त्याला ‘आर्म पंप’ म्हणतात. थांबलं की ते उतरतं, पण चालू शर्यतीत थांबणार कसं? काहींनी त्यापायी हेच आवरण शस्त्रक्रियेने मोकळं करून घेतलं आहे. घट्ट धरल्याने आर्म पंप वाढतो आणि घाबरलेला माणूस अधिक घट्ट धरतो. पडून परतलेल्या रायडरला ही गाठ दुप्पट जाचते.

हाड पुढे, बाकी सगळं मागे

आता पुन्हा त्या प्लास्टरकडे. हाड हा शरीरातला बराच गुणी भाग आहे. मोडल्यावर आधी रक्ताची गाठ धरते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, पुढच्या काही आठवड्यांत तो कठीण होतो. नंतर महिनोन् महिने, कधी वर्षंही, हाड स्वतःला घडवत राहतं. जिथे भार पडतो तिथे भर घालतं, जिथे पडत नाही तिथली काढून घेतं. एक्स-रेमध्ये दिसतो तो हाच भाग, आणि म्हणूनच ‘जुळलंय’ हा निकाल लवकर मिळतो.

एक्स-रेमध्ये न दिसणाऱ्या भागांचं घड्याळ वेगळं असतं. कोपर निखळल्यावर सांध्याभोवतीची पिशवी आकसते आणि हात पूर्ण सरळ होणं राहून जातं. दुखावलेली नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या चालीने वाढते. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर धरलं तर हिशेब वर्षाच्या पुढे जातो. न वापरलेला स्नायू मात्र आठवड्यांत वाळतो आणि भरून यायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो.

पुढच्या हाताची सगळ्यात नाजूक करामत म्हणजे त्याचं फिरणं. कोपर कमरेला चिकटवून तळवा आभाळाकडे करावा, मग जमिनीकडे. दुसऱ्या हाताची बोटं मनगटाच्या जरा वर ठेवली तर आत एक हाड दुसऱ्यावरून आडवं जाताना जाणवतं. आडवं जाणारं ते रेडियस, रॉक्झनचं मोडलेलं. त्याचा बाक जरा बदलला किंवा दोन्ही टोकांचे सांधे ताठरले तर ही फिरकी कमी होते. ओंजळीत पाणी घेणं, किल्ली फिरवणं, हँडलवर तळवा उपडा टेकवणं, सगळं या फिरकीवर चालतं. तळवा पुरेसा उपडा होत नसेल तर माणूस नकळत खांदा उचलून कोपर बाहेर काढतो आणि वेळ मारून नेतो. पोळी लाटताना हे खपून जातं. पण वीस मिनिटं शे-सव्वाशे किलोची उसळती गाडी धरायची असेल तर खांदा थकतो, तोल एका बाजूला सरकतो आणि दुसऱ्या हातावर जादा भार येतो.

आणि मोटरसायकलवर डावा हात म्हणजे क्लच. सुरुवातीच्या गेटमागे बावीस गाड्या गर्जत उभ्या असतात, गेट पडतं आणि डाव्या हाताची एक-दोन बोटं क्लच किती हळुवार सोडतात यावर पहिल्या वळणावर कोण पुढे हे ठरतं. पुढे प्रत्येक वळणात तीच बोटं इंजिनाचा जोर कमीजास्त करत असतात. ताकद परत आली तरी हा हळुवारपणा परत येईलच असं नाही. तो वेगळा कमवावा लागतो, फिजिओच्या टेबलावर चेंडू दाबून आणि नंतर गाडीवर हजारो वेळा क्लच सोडून.

रॉक्झन 6 जानेवारी 2018 रोजी, साडेअकरा महिन्यांनी, त्याच अनाहाइमच्या स्टेडियममध्ये गेटमागे उभा राहिला. आता त्याला होंडा नव्याने समजून घ्यायची होती, कारण आदल्या वर्षी ज्या हातांसाठी ती गाडी जुळवली होती ते हात आता नव्हते.

दुसरा हात

जमतही होतं. पहिल्या काही फेऱ्यांतच तो पुढच्या रांगेत आला. फेब्रुवारीत सॅन दिएगोला मात्र प्रतिस्पर्धी रायडर कूपर वेबच्या गाडीशी त्याची टक्कर झाली, उजवा हात वेबच्या मागच्या चाकाकडे ओढला गेला आणि तळहाताची हाडं मोडली. उजवा हात म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. तो हंगामही बुडाला. उन्हाळ्याच्या मोटोक्रॉसला तो परतला.

इथे शरीराने आणखी एक हिशेब मांडला. दोन वर्षांच्या शस्त्रक्रिया, भूल, औषधं आणि त्यातच कडक सराव यांचा ताण साठत जातो. 2019 मध्ये तो सुपरक्रॉसमध्ये अनेकदा आघाडीवर दिसायचा आणि शर्यतीच्या उत्तरार्धात गळून जायचा. तपासणीत दीर्घ थकवा आणणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूचं निदान झालं. त्या उन्हाळ्यात मोकळ्या मातीत तो पुन्हा जिंकू लागला, जानेवारी 2020 मध्ये सेंट लुईसला सुपरक्रॉसचा दुष्काळही संपला. पण त्याच वर्षी नागीण झाली आणि उन्हाळ्याचा पूर्ण हंगाम त्याने विश्रांतीला दिला. हा निर्णय बाहेरून कच खाल्ल्यासारखा दिसला असेल. शरीराचं घड्याळ ओळखणाऱ्या माणसाचा तो निर्णय होता, आणि 2021 ने त्याला दाद दिली. त्या सुपरक्रॉस हंगामात रॉक्झन दुसरा आला. पहिला कूपर वेब.

पुन्हा सुझुकी

2022 ची सलामीची फेरी रॉक्झनने जिंकली, नंतर तो मागे पडत गेला आणि हंगाम अर्धवट सोडला. वर्षाअखेरीस नव्या जागतिक सुपरक्रॉस मालिकेत उतरून तिचं विजेतेपद मिळवलं, पण त्याच मालिकेत खेळण्यावरून होंडाशी बोलणी फिसकटली. नवा हंगाम तोंडावर असताना तो एचईपी मोटरस्पोर्ट्स या सुझुकीवाल्या टीममध्ये दाखल झाला.

कागदावर हा उतार होता. ही कंपनीची स्वतःची टीम नव्हती. सुझुकीची आरएम-झेड 450 बरीच वर्षं फारशी बदललेली नव्हती. बाकीच्या गाड्या बटणावर सुरू होत, हिला अजून किक मारावी लागे. शर्यतीत पडल्यावर गाडी उचलून किक मारण्यात जे सेकंद जातात ते रायडरच्या डोळ्यासमोर असतात. पण ही गाडी आतल्या कडेने वळणं घेण्यात नावाजलेली होती, आणि रॉक्झन लहानपणी सुझुकीवर वाढला होता, 2016 चा मुकुटही त्याने तिच्यावरच मिळवला होता. कोपर कुठे ठेवायचं, वजन कधी पुढे न्यायचं, हे त्याच्या शरीराला ठाऊक होतं. शिवाय छोट्या टीममध्ये एकाच रायडरभोवती गाडी रचता येते. त्याच्या हातांना नेमकी त्याची गरज होती.

सुपरक्रॉसचा सगळा कारभार एका दिवसात उरकतो. दुपारी सराव, मग पात्रता, संध्याकाळी उपशर्यती, रात्री अंतिम शर्यत. दर सत्रानंतर रायडर तंबूत येऊन सांगतो, मागची बाजू लाथ मारतेय, पुढचं चाक वळणात तरंगतंय. मेकॅनिक दोन क्लिक फिरवतो, लिव्हर केसभर खाली करतो. तोवर ट्रॅकला नव्या चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि पुन्हा नवं जुळवावं लागतं.

11 मार्च 2023 रोजी इंडियानापोलिसच्या बंदिस्त स्टेडियममध्ये अशा दिवसाअखेरीस रॉक्झनने अंतिम शर्यत जिंकली. 450 सीसी गटात 2016 नंतर सुझुकीचा हा पहिलाच सुपरक्रॉस विजय होता.